बेट, किनारा, जंगल आणि फसलेलं रहस्य: या चुका टाळा

बेटावरची रहस्यकथा मध्यावर ढेपाळली की लेखक आधी खुन्याला धारेवर धरतो. त्याचा हेतू बदलतो, एखादा मुडदा वाढवतो. दुखणं बहुतेक वेळा जागेत असतं. समुद्राला आणि जंगलाला आपापलं वेळापत्रक आहे. ते धाब्यावर बसवलं की पात्रं हवी तेव्हा हवी तिथं पोचतात, आणि मग वाचकाला धास्ती उरत नाही.

भरती-ओहोटीचा हिशेब न ठेवणं

सगळ्यात जास्त कादंबऱ्या इथं बुडतात. संध्याकाळी पाण्याच्या कडेला खून होतो आणि सकाळी ओल्या वाळूत खुन्याच्या पावलांचे ठसे जसेच्या तसे! बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. म्हणजे रात्रीतून पाणी येऊन सगळं पुसून गेलेलं असणार.

दुरुस्ती सोपी आहे आणि तिच्यातून फुकटचा धागा मिळतो. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथं शेवाळ, काटक्या, फुटक्या शिंपल्या यांची एक वेडीवाकडी ओळ पडते. ठसे त्या ओळीच्या वर कोरड्या वाळूत असू द्या, ओळीपाशी येऊन तुटू द्या. तपास करणाऱ्याला ओहोटीची वेळ ठाऊक असेल तर माणूस पाण्याकडे कधी गेला याचा अंदाज त्याला तिथंच लागतो. साक्षीदार दुसरीच वेळ सांगत असेल, तर उलटतपासणीचं प्रकरण आयतंच तयार.

चंद्राचंही तेच. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो; तो मध्यरात्री क्षितिजातून वर काढलात तर जाणता वाचक पुस्तक मिटतो. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडी पडणारी गुहा घ्या: ती पंधरवड्यातून थोडेच दिवस, तेही काही तासच उघडणार. नायिका आत असताना पाणी फिरलं, तर ताण आणायला वेगळा खलनायक लागतच नाही.

हे किती महागात पडतं ते इतिहासात आहे. 20 नोव्हेंबर 1943 रोजी पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर अमेरिकी सैन्य उतरलं ते भांगाच्या दिवसांत. प्रवाळाच्या खडकावर पुरेसं पाणी चढलंच नाही, होड्या अडकल्या आणि सैनिकांना गोळीबारात शेकडो मीटर पाणी तुडवत जावं लागलं. जून 1962 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या अल्काट्राझ बेटावरच्या तुरुंगातून तिघे तराफ्यावरून पळाले, त्यांचं काय झालं हे आजही कोडंच आहे. 2014 मध्ये डच संशोधकांनी त्या रात्रीचे प्रवाह संगणकावर मांडले. लवकर निघाले असतील तर ते खुल्या समुद्रात ओढले गेले असणार. मध्यरात्रीच्या सुमारास निघाले असतील तर किनाऱ्याला लागणं शक्य होतं. तास-दीड तासाच्या फरकावर तिघांचे जीव. असा तास तुमच्या कथेत कुठं आहे, ते शोधा.

‘नेटवर्क नव्हतं’ एवढ्यावर भागवणं

बेट तुटलेलं आहे हे एका वाक्यात उरकू नका. होडी किती वाजता येते, ती का आली नाही, या लोकांची वाट पाहणारं कुणी आहे की नाही? बऱ्याच होड्यांवर व्हीएचएफ (बिनतारी) रेडिओ असतो आणि संकटातल्या हाकेसाठीच्या चॅनल 16 वरची हाक जवळपासच्या बोटींना ऐकू जाते. तो रेडिओ बिघडवायचा असेल तर कुणी बिघडवला हे कथेत यायला हवं. माझ्या मते वादळापेक्षा माणसानं तोडलेला दुवा केव्हाही बरा, कारण त्याचा संशय कुणावर तरी जातो.

जंगलात फक्त दात आणि नखं दिसणं

दर दहा पानांना साप आला की त्याची भीती मरते. आणि आधी नकाशा पाहा: आफ्रिकेत वाघ नाही, अॅनाकोंडा दक्षिण अमेरिकेबाहेरच्या रानात नाही. खरा त्रास बारीक असतो. 24 डिसेंबर 1971 रोजी पेरूच्या वर्षावनावर विमान कोसळलं आणि 17 वर्षांची युलियाना कोपके त्यातून वाचली. चष्मा हरवलेला, पायात एकच सँडल, खायला गोड गोळ्यांची पिशवी. ओढ्याच्या कडेनं वाट काढत अकराव्या दिवशी तिला माणसं भेटली. मधल्या काळात तिच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. एका होडीजवळ पेट्रोल सापडल्यावर तिनं ते जखमेवर ओतलं. यापुढे बिबट्याची झेप फिकीच वाटते.

उजेडाकडेही लक्ष असू द्या. दाट वर्षावनात सूर्यप्रकाशाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग जमिनीपर्यंत पोचतो आणि विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश लवकर संपतो. तिथं ‘लांबलेली संध्याकाळ’ लिहिलीत तर पाठलागाचं गणित चुकलं. सॅटेलाइट फोनला मोकळं आकाश लागतं, म्हणून गर्द झाडीत तो चालत नसेल तर चालेल. उघड्या पुळणीवर मात्र दुसरं कारण शोधा.

किरकोळीतल्या दोन गोष्टी. रुतत्या वाळूत माणूस डोक्यापर्यंत गडप होत नाही, तिच्यापेक्षा त्याचं शरीर हलकं असतं. पण कमरेइतका अडकलेला माणूस आणि समोरून चढणारी भरती, हा प्रसंग जरूर लिहा. आणि बुडालेलं प्रेत लगेच तरंगवू नका. ते सहसा आधी तळाशी जातं, आत वायू साठल्यावर वर येतं. उबदार पाण्यात काही दिवसांत, थंड पाण्यात बरंच उशिरा. खुन्यानं हा हिशेब धरला नसेल, तर त्याच्या निवांतपणाची मुदत तेवढीच.