धमनी उघडली, पण स्नायूपर्यंत रक्त पोचलं का?

स्टेंट बसला, धमनी मोकळी झाली, तरी पलीकडच्या केशवाहिन्या सुजेनं आणि बारीक गुठळ्यांनी बंद राहू शकतात. अँजिओग्राफीत त्या दिसत नाहीत. हार्ट अटॅकनंतरचा कार्डियाक एमआरआय करताना मी हेच आधी शोधते. या अडथळ्याला आम्ही एमव्हीओ (मायक्रोव्हॅस्क्युलर ऑब्स्ट्रक्शन) म्हणतो.

तपासणी रुग्ण स्थिरावल्यावर, पण शक्यतो पहिल्या आठवड्यातच करा. पुढे एमव्हीओ विरत जातो. स्टेंट सहसा आड येत नाही, तरी त्याचं कार्ड बघाच. पेसमेकर आहे का आणि ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३०च्या खाली आहे का, तेही विचारा.

आत घेण्याआधी रुग्णाकडून श्वासाचा सराव करून घ्या. नुकताच मरणाच्या दारातून परतलेला माणूस असतो तो, त्या बोगद्यात घाबरतो. "श्वास सोडा, थांबा" हे शांतपणे म्हणा. नाहीच थांबता आलं, तर संथ श्वास घेऊ द्या. धाप लागून छाती जोरात हलण्यापेक्षा ते बरं.

सिने (हलत्या हृदयाची) आणि टी२ (सूज दाखवणारी) चित्रं झाली की फर्स्ट पास, म्हणजे कॉन्ट्रास्ट पहिल्यांदा हृदयातून जातानाची चित्रं. शॉर्ट ॲक्सिसचे (हृदयाचे आडवे) तीन काप, दर ठोक्याला. गॅडोलिनियम (हेच कॉन्ट्रास्ट) वजनाच्या किलोमागे ०.०५ ते ०.१ मिलिमोल, सेकंदाला साधारण ४ मिली वेगानं, मागोमाग सलाईन. आधी उजवा कप्पा उजळतो, मग डावा, मग स्नायू. जो भाग काळाच राहतो, तिथे नजर रोखा. फसवतो तो डार्क रिम: डाव्या कप्प्यात कॉन्ट्रास्ट शिरतानाच आतल्या कडेला बारीक काळी रेघ उमटते आणि काही ठोक्यांत जाते. खरा दोष टिकतो, जाड असतो आणि एखाद्या धमनीच्या हद्दीत बसतो.

दुसऱ्या धमनीचाही संशय असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तरच ॲडेनोसिन (हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध): मिनिटाला किलोमागे १४० मायक्रोग्रॅम. आधीचे २४ तास चहा-कॉफी बंद. दमा किंवा हार्ट ब्लॉक असेल तर देऊ नका. चित्रात प्लीहा काळवंडली, तर औषध लागू पडलं असं समजा.

कॉन्ट्रास्टनंतर पहिल्या दोन-तीन मिनिटांत अर्ली चित्रं घ्या आणि १० ते १५ मिनिटांनी एलजीई (कॉन्ट्रास्टची उशिराची चित्रं). टीआय (इन्व्हर्जन पल्सपासून चित्र घेईपर्यंतचा वेळ) असा निवडा की निरोगी स्नायू पूर्ण काळा दिसेल. इथे घाई केली की पुढचं सगळं वाचन बिघडतं. मेलेला स्नायू पांढरा दिसतो आणि त्या पांढऱ्याच्या पोटात काळा गाभा असेल, तर तो एमव्हीओ. तो निरोगी समजून वगळू नका, इन्फार्क्टमध्येच (मेलेल्या स्नायूतच) मोजा. भिंतीची निम्म्याहून जास्त जाडी पांढरी असेल, तर तिथलं आकुंचन सुधारण्याची आशा कमी. मात्र पहिल्या दिवसांत सुजेमुळे इन्फार्क्ट मोठा दिसतो, हे रिपोर्टात लिहा. टी२ स्टारही (रक्तातलं लोह ओळखणारं चित्र) घ्या: १.५ टेस्लावर गाभ्यात २० मिलिसेकंदांपेक्षा कमी मूल्य आलं, तर आत रक्तस्राव झालाय.

हृदयाचं टोक त्या तीन कापांत येत नाही, म्हणून लाँग ॲक्सिसवर (उभ्या कापांत) ते वेगळं बघा. काळी गोष्ट भिंतीत नसून कप्प्याच्या पोकळीत दिसली आणि अर्ली आणि एलजीई दोन्ही चित्रांत काळीच राहिली, तर ती गुठळी असण्याची शक्यता दाट. अशा वेळी रिपोर्ट टाइप होण्याची वाट बघू नका, हृदयरोगतज्ज्ञांना लगेच फोन करा.