चावी काढली तरी पळणारं डिझेल इंजिन: दोष कुठे शोधायचा

डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही. त्यामुळे जुन्या जीपच्या इंजिनाने एकदा आपोआप रेस धरली की चावी फिरवून काही उपयोग होत नाही. त्याला जळायला काहीतरी मिळतंय, आणि ते बहुधा दोन वाटांनी येतं: पंपातून जादा डिझेल, नाहीतर हवेच्या वाटेने इंजिन ऑइल. यातली वाट कोणती, याचं निम्मं उत्तर इंजिन थांबवतानाच कळतं.

आधी स्टॉप केबल, म्हणजे पंपाचं डिझेल तोडणारी केबल, ओढा. थांबलं तर दोष पंपाकडे. थांबलं नाही आणि सायलेन्सरमधून निळसर-पांढरा लोट येतोय, तर ऑइल जळतंय. मात्र पंपाचा रॅकच (डिझेलचं प्रमाण कमी-जास्त करणारी दांडी) अडकला असेल तर केबलही निकामी ठरते. तेव्हा धूर काळा असतो. दोन्ही वेळा खात्रीचा उपाय एकच, हवा तोडणे. इनटेकच्या, म्हणजे हवा आत शिरते त्या तोंडाहून मोठा १२ मिमी प्लायवूडचा तुकडा त्यावर दाबून धरा. हात लावू नका, चिंधीही नको, ती आत ओढली जाते. फॅनच्या रेषेत उभं राहू नका. हे जमत नसेल तर ब्रेक पूर्ण दाबून टॉप गिअरमध्ये क्लच झटकन सोडा, पण फोर-व्हील जीपचा ट्रान्सफर केस (हाय-लो रेंज बदलणारा जादा गिअरबॉक्स) हाय रेंजमध्येच हवा. लो रेंजमध्ये चाकांवर इतका जोर येतो की ब्रेक हरतात.

थांबल्यावर लगेच सेल्फ मारायचा मोह होतो. तो आवरा. प्रथम डिपस्टिक. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर तेल हुंगा आणि एक थेंब कागदावर टाका. डिझेल मिसळलं असेल तर भोवती पातळ, पसरट कडा उमटते. डिझेल बहुधा कॅमशाफ्टवर चालणाऱ्या फीड पंपाच्या फाटक्या डायफ्रॅममधून इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं, कधी इंजेक्शन पंपाच्या शाफ्ट सीलमधून. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर ते पाणी.

जुलैत मुंबईच्या हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून काढलेल्या गाडीत आणखी एक जागा तपासा: ऑइल-बाथ एअर क्लीनरची, म्हणजे तेलावरून हवा गाळणाऱ्या क्लीनरची वाटी. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि तेलाला वर उचलतं. पातळी खुणेच्या वर गेली की इंजिन ते तेल सरळ पितं. खुणेपेक्षा जास्त तेल भरलं किंवा गाडी घाटात कलंडली, तरी हेच. वाटी उपसून धुवा, खुणेपर्यंतच भरा.

मग ब्रीदरचा पाइप (ऑइल चेंबरमधली वाफ बाहेर नेणारा) इनटेकवरून काढून बाटलीत सोडा. बाटलीत तेल साचू लागलं आणि ऑइल फिलरची टोपी सैल केल्यावर भसाभस धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांमधून खाली चेंबरमध्ये गळतोय. हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) काढून डिझेल इंजिनाच्या कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा. आपसात ३-४ बारहून जास्त फरक दिसला तर रिंग-पिस्टनचं काम निघालं. टर्बो असेल तर शाफ्ट बोटाने हलवा. हाउसिंगला घासत असेल तर टर्बो उतरवाच, पण तेल परत जाणारा पाइपही बघा. तो तुंबला की नवा टर्बोही तेल ओकतो. आणि इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) धुतल्याशिवाय जोडू नका. आत साचलेल्या तेलावर इंजिन पुन्हा पळतं, आणि दोष नव्या टर्बोवर जातो!

पंपाकडे संशय असेल तर प्रथम ॲक्सिलरेटरची स्प्रिंग, केबल, पायाखालची मॅट. पावसाळाभर एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीत रॅक गंजून अडकतो. न्युमॅटिक गव्हर्नरचा, म्हणजे इनटेकच्या व्हॅक्यूमवर इंजिनाचा वेग आवरणारा पंप असेल तर व्हॅक्यूम पाइप आणि डायफ्रॅम बघा. व्हॅक्यूम गेला की रॅक फुल डिलिव्हरीवर सरकतो. असा गव्हर्नर असलेलं इंजिन चढावर बंद पडून गाडी गिअरमध्ये मागे घरंगळली तर कधीकधी उलटं फिरू लागतं. खूण अशी की धूर एअर क्लीनरमधून निघतो आणि ऑइल प्रेशर शून्य. पंपाचं सील मात्र स्वतः तोडू नका, कॅलिब्रेशनवाल्याकडे द्या.

जोडल्यावर हीटर प्लग काढलेले ठेवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर व्हॉल्व्ह किंवा कनेक्टिंग रॉड वाकलाय. पहिल्या स्टार्टला एअर क्लीनर काढून ठेवा आणि प्लाय घेतलेला एक माणूस बाजूला उभा करा.