खर्चाची वही: गावात राहून उमेदवाराचा पैसा कसा मोजायचा

मी बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली. चौदा वर्षं बचत गटाची सचिव आहे. गटाच्या हिशेबात दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत मी वही मिटत नाही. 2024 च्या विधानसभेला आम्ही चौघीजणींनी ठरवलं, की गटाची वही ठेवतो तशीच उमेदवारांच्या खर्चाचीही ठेवायची. जे करता आलं आणि जिथं चुकलो, ते दोन्ही इथं सांगते. तुमच्या गावात कुणाला हे करायचं असेल तर आमच्या चुका तरी टळतील.

निवडणुकीतला पैसा म्हटलं की सगळ्यांना शेवटच्या दोन रात्री आठवतात. त्या रात्रींबद्दल पुढं बोलते. पण रात्रीचा पैसा कागदावर कुठंच नसतो आणि तो सिद्ध करणं फार अवघड. आपल्यासारख्यांना मोजता येतो तो दिवसाचा पैसा: मांडव, खुर्च्या, गाड्या, भोंगे, जेवणावळी, पत्रकं. त्याचा हिशेब उमेदवाराला सरकारदरबारी लिहून द्यावाच लागतो. लिहून दिलेलं ताडून बघता येतं.

सुरुवातीला एवढे नियम वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. 2022 पासून महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. अर्ज भरल्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च त्यात धरतात. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. एका माणसाला किंवा दुकानदाराला सगळ्या निवडणुकीत मिळून 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही, त्यापुढची रक्कम खात्यातूनच गेली पाहिजे. मर्यादेपेक्षा जास्त खर्च करणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 प्रमाणे भ्रष्ट आचरण आहे, त्यावर निवडणूक रद्द होऊ शकते.

'अर्ज भरल्या दिवसापासून' हे शब्द अधोरेखित करा. आमच्या पट्ट्यात गणपतीपासूनच महाप्रसाद, आरोग्य शिबिरं आणि 'भावी आमदार' असे फलक सुरू होतात. तो पैसा या हिशेबात येत नाही. म्हणून वहीत अर्जाच्या तारखेआधीचं वेगळं पान ठेवा. तक्रारीला उपयोगी नाही, पण गावाला दाखवायला उपयोगी आहे.

"असं मोजून कुणाचं काय वाकडं झालंय?" असं मला घरातच विचारलं गेलं. मराठवाड्यातल्याच दोन गोष्टी मी सांगते. आमच्या बीडचे खासदार गोपीनाथ मुंडे 2013 मध्ये मुंबईतल्या जाहीर कार्यक्रमात म्हणाले होते, की 2009 च्या लोकसभेला आपला आठ कोटी खर्च झाला. तेव्हा मर्यादा 25 लाखांची होती. निवडणूक आयोगानं त्यांना नोटीस काढली. दुसरी गोष्ट नांदेडच्या भोकर मतदारसंघाची. 2009 च्या विधानसभेला तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर वर्तमानपत्रांत पानंच्या पानं मजकूर आला आणि त्यांच्या खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्री जाहिरातींचे दाखवले होते 5,379 रुपये. हरलेले उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी तो मजकूर पैसे देऊन छापलेला आहे असं म्हणत आयोगाकडे तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 5 मे 2014 ला न्यायालयानं सांगितलं, की हिशेब वेळेत दिला का एवढंच नाही, तो खरा आहे का हेही आयोगाला तपासता येतं. पुढं चव्हाणांविरुद्धचा आयोगाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रद्द केला, हेही सांगायला हवं. पण हिशेबाचा खरेपणा तपासता येतो, हा दरवाजा भोकरच्या त्या कात्रणांनी उघडला. म्हणून कात्रणं जपा, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसेल अशी.

आता वही. दोनशे पानी, शिवलेली, पानं सुटणार नाहीत अशी घ्या. रकाने सहाच ठेवा: तारीख आणि वेळ, ठिकाण, कुणाचा कार्यक्रम, काय दिसलं, किती मोजलं, मोजणारीची सही. 'अंदाजे' हा शब्द वहीत येऊ द्यायचा नाही. मोजता आलं नाही तर 'मोजता आलं नाही' असंच लिहा. आणि सगळ्या उमेदवारांचं लिहा, आपल्या नात्यातला असला तरी. आमच्यातल्या एकीचे चुलतदीर एका उमेदवाराचे प्रचारप्रमुख होते. तिनं त्यांच्याच सभेच्या खुर्च्या मोजल्या. तेव्हापासून गावात वहीला वजन आलं.

मोजायचं कसं, हे हातानं शिकावं लागतं. खुर्च्या सभा सुरू व्हायच्या अर्धा तास आधी मोजा, तेव्हा रांगा सरळ असतात. एका रांगेतल्या मोजायच्या आणि रांगांनी गुणायचं. मांडव पावलांनी मापा. आपलं पाऊल किती फुटाचं ते आधी घरी पट्टीनं बघून ठेवा. जेवणाला माणसं मोजत बसू नका, नंतर उष्ट्या पत्रावळींचे ढीग मोजा. आचारी ओळखीचा असेल तर तांदळाचे कट्टे किती फुटले ते विचारा, तो सांगतो. गाडीचा नंबर लिहा आणि काचेवर परवाना चिकटवलाय का, त्यावर नाव कुणाचं आहे ते बघा. आम्हाला दोन गाड्या अशा दिसल्या, की परवाना एका अपक्षाचा आणि आत पत्रकं दुसऱ्याच उमेदवाराची. डमी उमेदवाराच्या नावावर गाड्या घ्यायची ही जुनी युक्ती आहे. अशी गाडी सापडली तर परवाना आणि पत्रकं एकाच फोटोत येतील असं बघा, कारण तिचा खर्च खऱ्या उमेदवाराच्या नावावर चढवता येतो.

पत्रक हातात आलं की आधी खालची बारीक ओळ वाचा. छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असलाच पाहिजे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 क प्रमाणे. नसेल तर ते पत्रक पिशवीत घालून त्यावर तारीख टाका.

मोठा पुढारी हेलिकॉप्टरनं आला तर गोंधळ होतो. पक्षानं दिलेल्या स्टार प्रचारकांच्या यादीत तो असेल तर त्याचा प्रवासखर्च उमेदवाराच्या नावावर येत नाही. पण सभेच्या मंचावर उमेदवार बसला, किंवा त्याचं नाव, फोटो लागला, की त्या सभेचा खर्च त्याच्याकडे येतो. म्हणून मंचाचा एक फोटो हवाच.

मंडपवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा: पैसे कसे मिळाले? दर विचारू नका, तो खोटं सांगेल. आमच्या मंडपवाल्यानं सहज सांगितलं, "रोखच की वैनी, चेक कोण घेतंय." दहा हजाराच्या नियमात हे बसत नाही. पण मी त्याच्याकडून लिहून मागितलं आणि तिथंच चुकलं. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्याशी बोलेना. त्याचं पोट त्या धंद्यावर आहे. गरीब माणसाला साक्षीदार करू नका. आपण ऐकलेलं आपल्या नावावर लिहा.

मोजलेल्याचे पैसे आपल्या मनानं लावायचे नाहीत. जिल्हा निवडणूक अधिकारी खर्चाचं दरपत्रक काढतात: खुर्ची, मांडव, चहा, जेवण, प्रत्येक प्रकारची गाडी. त्याची प्रत मिळवा आणि वहीच्या शेवटी चिकटवा. आपली संख्या, त्यांचा दर, एवढंच गणित.

यानंतरचं काम तहसीलचं. उमेदवाराला रोजच्या खर्चाची नोंदवही ठेवावी लागते आणि प्रचाराच्या काळात निदान तीनदा ती तपासणीला आणावी लागते. तिकडं निवडणूक यंत्रणाही आपल्या पथकांच्या चित्रीकरणावरून स्वतःची छाया नोंदवही ठेवते. उमेदवाराच्या नोंदवहीची प्रत पानामागं एक रुपया देऊन कुणालाही मिळते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या एकानं मला बसायलाही सांगितलं नाही. "बाई, हे तुमचं काम न्हाई," म्हणाला. फार लागलं मला ते. रात्री झोप आली नाही. पण दुसऱ्या दिवशी अर्जाच्या दोन प्रती घेऊन गेले, एकीवर शिक्का आणि पोच मागितली, आणि तिसऱ्या दिवशी अकरा पानं अकरा रुपयांत हातात पडली. तोंडी मागू नका. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

त्या अकरा पानांत आमच्या गावच्या सभेच्या खुर्च्या होत्या 300. आमच्या वहीत 1,150. जेवण नव्हतंच. मी वहीच्या पानांच्या झेरॉक्स, फोटो आणि दरपत्रक लावून खर्च निरीक्षकांकडे गेले. हे बाहेरून आलेले अधिकारी असतात, त्यांचा फोन आणि भेटायची वेळ जाहीर झालेली असते. त्यांनी वीस मिनिटं ऐकून घेतलं. आमच्या सभेला चित्रीकरणाचं पथक आलंच नव्हतं, म्हणून छाया नोंदवहीतही ती सभा नव्हती. पुढच्या तपासणीत खुर्च्या आणि मांडवाची रक्कम वाढली. जेवणाची नाही, कारण पत्रावळींचा फोटो आम्ही काढला नव्हता. आणि जेवण हाच मोठा खर्च होता. मतदारांना जेवू घालणं तर कायद्यानं लाचेतच येतं. त्या एका फोटोची खंत मला अजून आहे.

आता रात्रीचं. 2024 ला गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून आणि मतदान 20 ला. आमच्या भागातली निम्मी घरं ऊसतोडीची. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि मताच्या पैशालाही आमच्याकडे तीच भाषा लागू होते: उचल घेतली, आता फिटली पाहिजे. त्यावर कुणी बेलभंडारा उचलायला लावतं. देवाची आण घेतलेली म्हातारी माणसं मग खरंच घाबरतात. शेजारच्या मावशी मला म्हणाल्या, "मशिनीत समदं दिसतंय म्हणं त्यायला."

या भीतीवर खरं तेच सांगा. कुणी कुणाला मत दिलं हे कुणालाच कळत नाही. पण केंद्रनिहाय आकडे निकालानंतर जाहीर होतात, म्हणजे आपल्या केंद्रावर कुणाला किती पडली हे पुढाऱ्याला कळतं. हे लपवून 'काहीच कळत नाही' असं सांगितलं तर पुढं आपल्यावरचा विश्वास जातो. मावशींना मी एवढंच सांगितलं, की आठशे मतांत तुमचं एक कुणाला ओळखू येणार नाही, आणि जबरदस्तीनं घ्यायला लावलेली आण देव धरत नाही.

पैसे घेणाराही कायद्यानं दोषी आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण गावात ही धमकी देत फिरू नका. ज्या बाईच्या घरात लेकराच्या औषधाला पैसे नाहीत तिला कलम सांगणं मला जमलं नाही. आम्ही आमच्यापुरतं ठरवलं होतं की दारात आलेल्याला एकच वाक्य बोलायचं: "भाऊ, आमच्या गटाचा ठराव झालाय, कुणाचंच घ्यायचं न्हाई." एकटीनं नाही म्हटलं तर वैर होतं. ठरावाचं नाव घेतलं तर माणूस पुढच्या दाराला जातो.

वाटप समोर दिसलंच तर सी-व्हिजिल, म्हणजे निवडणूक आयोगाचं तक्रारीचं ॲप. त्यातूनच फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ काढावा लागतो; आधी काढलेला फोटो चालत नाही. जागा आपोआप नोंदली जाते, नाव न देताही तक्रार करता येते, आणि 100 मिनिटांत निपटारा करायचा असा नियम आहे. आमच्या वस्तीवर नेटवर्क नसतं. म्हणून ॲप आधीच घालून ठेवा आणि रेंज कुठं येते ते दिवसा बघून ठेवा. आम्हाला ती पाण्याच्या टाकीजवळ मिळाली. इंटरनेट चालत नसेल पण फोन लागत असेल तर 1950 या निवडणूक मदत क्रमांकाला फोन. आणि रात्री एकटीनं चित्रीकरण करायला जायचं नाही, कितीही राग आला तरी.

निकालानंतर बहुतेक लोक वही फेकून देतात, आणि खरं तर तेव्हाच ती लागते. उमेदवारानं 30 दिवसांत अंतिम हिशेब द्यायचा असतो; न दिल्यास तीन वर्षांसाठी अपात्र ठरवता येतं. हा हिशेब एक रुपया शुल्क भरून कुणालाही बघता येतो, शुल्क भरून प्रतही मिळते. निवडणूक याचिका मात्र निकालापासून 45 दिवसांतच, आमच्यासाठी औरंगाबाद खंडपीठात, उमेदवाराला किंवा मतदाराला दाखल करता येते. म्हणजे शेवटच्या दिवशी हिशेब आला तर हातात पंधराच दिवस उरतात. 2024 ला निकाल 23 नोव्हेंबरचा, हिशेबाची मुदत 23 डिसेंबर, याचिकेची 7 जानेवारी. आम्ही डिसेंबरअखेर गेलो, प्रती मिळेपर्यंत वेळ गेला. तुम्ही हिशेबाची मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी दारात उभे राहा.

ग्रामपंचायतीला हे सगळं जसंच्या तसं चालत नाही. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतं, मर्यादा सदस्यसंख्येप्रमाणे वेगळी असते आणि सी-व्हिजिल तिथं उपयोगाचं नाही. तिथं पैशाचं रूपही वेगळं: 'बिनविरोध करू, देवळाला देणगी द्या' म्हणून लिलाव. जानेवारी 2021 मध्ये नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी या गावांची निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं अशा लिलावावरूनच रद्द केली होती. तुमच्या गावात अशी बैठक बसली तर वहीत तारीख, जागा, बोली आणि हजर माणसं लिहा, आणि तहसीलदारांना अर्ज द्या. दोन प्रतींत, पोच घेऊन.