मेडिकल प्रवेशाच्या अर्जांचा खर्च: बचत करताना या चुका टाळा

मुलगा किंवा मुलगी अकरावी सायन्सला गेली की घरात आधी क्लासच्या फीचा विषय निघतो, मग एमबीबीएसच्या फीचा. मधला खर्च मात्र कुणी धरत नाही. नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरल्यापासून प्रवेश पक्का होईपर्यंत लागणारा हा पैसा. सातारा-सांगलीकडच्या शेतकरी घरांवर तो नेमका जून-जुलैत येऊन पडतो. ऊसबिल केव्हाच संपलेलं असतं, पेरणी आणि खतं डोक्यावर असतात, धाकट्याच्या वह्या-पुस्तकांचं वेगळंच. मग गंठण सोनेतारणात जातं. वेळेत सुरुवात केली तर ही वेळ येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

"फॉर्म तर सतराशेचा, त्यात काय साठवायचं?"

२०२५ च्या नीटला खुल्या गटासाठी १७०० रुपये फी होती. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि ओबीसींना १६००, एससी, एसटी आणि दिव्यांगांना १०००. पण खरा खर्च निकालानंतर सुरू होतो. शासकीय कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी एमसीसीकडे (देशपातळीवर जागावाटप करणारी दिल्लीची समिती) नोंदणी करताना खुल्या गटाला १,००० रुपये नोंदणी शुल्क आणि १०,००० रुपये अनामत भरावी लागते. एससी, एसटी, ओबीसींना ५०० आणि ५,०००. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी सीईटी सेलची (राज्याचे प्रवेश बघणारं कार्यालय) नोंदणी निराळी. आयुर्वेद-होमिओपॅथीही डोळ्यांसमोर असेल तर त्याच्या केंद्रीय काउन्सेलिंगची, म्हणजे जागावाटपाची, नोंदणी आणखी वेगळी. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जायचं असेल तरी प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो, पण अर्ज पशुवैद्यकीय विद्यापीठाकडे स्वतंत्र करावा लागतो. शिवाय दाखले, प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स, आणि जागा लांबच्या जिल्ह्यात लागली तर दोघांचं जाणं-येणं, राहणं.

जवळचं कॉलेज म्हणजे स्वस्त अर्ज, हा समज

आपल्या भागात सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. मिरजेचं आणि साताऱ्याचं शासकीय कॉलेज सरळ आहे: १५ टक्के जागा एमसीसीकडून, बाकी राज्याच्या कॅप फेरीतून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून. पण कराडचं कृष्णा आणि सांगलीचं भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठाची, म्हणजे स्वतःच विद्यापीठाचा दर्जा असलेल्या खासगी संस्थांची कॉलेजं. त्यांच्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा दिल्लीच्या एमसीसीतून भरतात. घरापासून कॉलेज अर्ध्या तासावर असलं तरी अर्ज दिल्लीचाच, आणि त्यासाठी नोंदणी शुल्क ५,००० रुपये आणि अनामत २,००,००० रुपये. इथे कोणत्याही गटाला सवलत नाही. एक दिलासा एवढाच, की अखिल भारतीय कोटा आणि अभिमत दोन्हीकडे अर्ज करायचा असेल तर फक्त ही मोठी रक्कम भरायची, दोन्ही नाही.

म्हणून दहावीतच घरात बसून ठरवा: अभिमतची वार्षिक फी आपल्याला कोणत्याही परिस्थितीत झेपणार आहे का? नसेल, तर दोन लाख अडकवून "बघू तरी लागतंय का" म्हणू नका. दुसऱ्या फेरीपासून लागलेली जागा घेतली नाही तर अनामत जप्त होते. "बघू तरी" म्हणत भरलेले दोन लाख गेले की घर सावरायला फार दिवस लागतात.

पैसा आहे, पण हात लावता येत नाही

बचत करणाऱ्यांची ही नेहमीची चूक. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. अकरावीत ती उघडली तर बारावीनंतर उपयोग शून्य. सुकन्या समृद्धीतून मुलगी दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, पण प्रवेशाचा आणि फीचा कागद दाखवावा लागतो. अनामत भरायची असते प्रवेशाच्या आधी. शैक्षणिक कर्जाचंही तेच, ते कॉलेज मिळाल्यावर. थोडं जास्त व्याज मिळतं म्हणून गावच्या पतसंस्थेत सगळं ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: बँकेतल्या ठेवीला, अगदी सहकारी बँकेतल्याही, पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

मुलगी आठवीत असेल तर पोस्टाची आवर्ती ठेव उत्तम: महिना ३,००० टाकले तर पाच वर्षांत व्याजासह दोन लाखांच्या पुढे जातात. अकरावीत जागे झालात तर बँकेची दोन वर्षांची आवर्ती घ्या. शासकीय जागांपुरताच विचार असेल तर महिना १,००० पुरेत, वर्षाला बारा हजार, दोन वर्षांत चोवीस हजार. यात सगळे फॉर्म, अनामत, दाखले आणि प्रवास बसतो. अभिमतसाठी मात्र महिना आठ हजारांच्या आसपास लागतील. महिन्याचा हप्ता शेतकऱ्याला जमत नाही हे खरं आहे. त्यांनी ऊसबिल जमा झालं त्या दिवशी, हळद किंवा बेदाणा विकला त्या आठवड्यात ठरलेली रक्कम बाजूला काढावी आणि तिची मुदत जूनमध्ये संपेल अशी ठेव करावी. बायकांची भिशी असेल तर आपला नंबर जूनचा मागून घ्यावा, दिवाळीचा नव्हे.

दुसऱ्याच्या खात्यातून भरणं

शेवटच्या दिवशी नेट कॅफेवाल्याच्या किंवा मामांच्या कार्डावरून दोन लाख भरले जातात. एमसीसीची अनामत ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जाते, तीही काउन्सेलिंगच्या फेऱ्या उरकल्यावर. खातं आई-वडिलांचं किंवा मुलाचं स्वतःचंच हवं, आणि प्रवेश होईपर्यंत ते बंद करू नका. जूनमध्येच शाखेत जाऊन नेट बँकिंगची दिवसाची मर्यादा विचारा आणि वाढवून घ्या. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका; थोडं थांबून पुन्हा लॉगिन करा, पेमेंटची स्थिती बघा, स्क्रीनशॉट ठेवा.

दाखले उशिरा काढणं

हा खर्च किरकोळ दिसतो, पण जात पडताळणी वेळेत आली नाही तर राखीव जागा आणि फीची सवलत दोन्ही हातची जाते. अकरावीतच कॉलेजचं पत्र घेऊन पडताळणी समितीकडे अर्ज टाका. ओबीसींनी नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलंही काढावं, राज्याचं एमसीसीला चालत नाही. एसईबीसी (मराठा समाजाचा राज्यातला राखीव गट) केंद्राच्या यादीत नाही, त्यामुळे नीटच्या फॉर्ममध्ये तो पर्याय शोधत बसू नका.

कुटुंबाच्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखलाही याच फेरीत सेतूतून काढून ठेवा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना कॅप फेरीतून प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अभिमतला ही योजना नाही. मुलीसाठी शासकीय आणि अभिमत यात तोलून बघताना ही माफी आधी हिशेबात धरा, मग अनामतीचं ठरवा.