पावसाळ्याआधी सापाची पेटी: बडोद्यातल्या घरासाठी तयारीची यादी

पाळीव साप पेटीतून निसटला की तो शोधायचा कुठे, एवढाच प्रश्न बडोद्यात नसतो. पावसाळ्यात बाहेरचे सापही घरात शिरतात. कपाटाखाली दिसलेली शेपटी आपल्याच सापाची आहे असं धरून हात घातला, तर जिवावर बेतू शकतं. बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, पाळणाऱ्यांनी तर फारच जपावं, कारण जाडजूड, तपकिरी घोणशीला अजगराचं पिल्लू समजण्याची चूक सर्रास होते. तेव्हा जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत खालची कामं उरकून टाका.

आधी फटी बघा. जिथून सापाचं डोकं जातं, तिथून अख्खा साप जातो. कॉर्न स्नेक या अमेरिकी बिनविषारी सापाचं पिल्लू पेन्सिलीएवढं बारीक असतं, त्यामुळे सरकत्या काचांची पेटी असेल तर दोन काचा एकमेकींवर येतात तिथली उभी फट त्याला पुरते. तिथे पारदर्शक प्लास्टिकची पट्टी बसवा आणि काचांना दुकानातल्या शोकेसला असतं तसलं कुलूप घाला. किल्ली घरातल्या एकाच माणसाकडे असू द्या. साप निसटतो तेव्हा बहुतेक वेळा सफाईनंतर किंवा खाऊ घातल्यावर कुणीतरी पेटी नीट लावलेलीच नसते. वरून उघडणाऱ्या टाकीच्या झाकणावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवून निर्धास्त झोपणारे लोक आहेत. बॉल पायथन रात्रभर नाकाने ढोसत राहतो आणि गठ्ठा सरकतो. झाकणाला चारही बाजूंनी क्लिपा हव्यात. जाळी स्टीलची, चौकटीत स्क्रूने आवळलेली असावी. मच्छरदाणीची जाळी चालत नाही. फट बुजवायला आतून चिकटपट्टी मात्र कधीच लावू नका, ती खवल्यांना चिकटते आणि सोडवताना कातडी फाटते.

प्लायवूडची पेटी असेल तर दमट हवेत दार फुगतं, नीट लागत नाही, आणि मग ‘लागलं असेल’ म्हणून तसंच राहतं. कडा आताच तासून, रंग किंवा वॉर्निश मारून घ्या, आणि वास पूर्ण जाईपर्यंत साप दुसऱ्या पेटीत ठेवा. वायरींची भोकंही तपासा. थर्मोस्टॅटची (पेटीतलं तापमान राखणाऱ्या यंत्राची) वायर काढली की मागे उरलेलं भोक कुणाच्या लक्षात येत नाही.

मुळात आत बरं वाटणारा साप बाहेर जायची धडपड कमी करतो. बॉल पायथनला एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२७ अंश लागतात, शिवाय दोन्हीकडे अंगाला घट्ट बसेल अशी लपायची जागा. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) नकोच. मे महिन्यात तर हीट मॅट बंद करून पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवावी लागते.

मग खोली. दाराखालची फट, एसीच्या पाइपाचं भोक, मोरीची जाळी. दांडिया बाजाराकडच्या जुन्या वाड्यात राहत असाल तर तुळया आणि फळ्यांची तक्तपोशी असलेल्या खोलीत पेटी ठेवूच नका. साप एकदा वर गेला की सुताराला बोलवावं लागेल.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं, मगरीसुद्धा आल्या. तळमजल्यावरच्यांनी सुती पिशवी आणि भोकं पाडलेला, क्लिपांचा प्लास्टिकचा डबा हाताशी ठेवावा. सापाला पिशवीत घालायचं, तोंडाला गाठ मारायची, पिशवी डब्यात ठेवायची आणि वरच्या मजल्यावर जायचं.

एवढं करूनही निसटलाच, तर खोलीची दारं लावून खालच्या फटीत टॉवेल कोंबा. फ्रिज, इन्व्हर्टर, सेटटॉप बॉक्स अशा उबदार वस्तूंच्या मागे बघा, पण टॉर्चने, हात न घालता. रात्री उंबरठ्यावर पिठाची पातळ रेघ ओढून ठेवली तर कुठून गेला ते कळतं. साप ओळखू आला नाही तर सर्पमित्राला बोलवा. त्यासाठी आपल्या सापाचा वरून आणि डोक्याचा असे दोन स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये असू द्या. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, तेव्हा केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीची प्रतही फोटोंजवळच ठेवा. देशी साप पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि फोन आल्यावर वनखात्याचा माणूस पहिलं विचारेल ते साप देशी आहे का, हेच. शेजारच्या काकूंना मात्र आजच सांगून ठेवा, म्हणजे साप दिसला तर त्या काठी शोधण्याआधी तुमची बेल वाजवतील.