फ्युएल प्रेशर रेग्युलेटर ‘सोपा’ करायला निघालात? या चुका टाळा

ड्रॉइंगवरच्या बारा भागांचे आठ झाले की मीटिंगमध्ये चहाबरोबर बिस्किटंही येतात. काही महिन्यांनी तीच मंडळी रिजेक्शनच्या क्रेटभोवती तोंड पाडून उभी असतात. बहुतेक वेळा कारण एकच: भाग काढला, पण तो करत होता ते काम कुणाच्या गळ्यात घातलं, हे कुणी विचारलंच नाही.

आधी रेग्युलेटर करतो काय ते बघू. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत पंप इंजिनाच्या गरजेपेक्षा जास्तच पेट्रोल ढकलत असतो. रेग्युलेटरमधल्या रबरी डायफ्रामच्या एका बाजूला हे पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. पेट्रोलचा जोर स्प्रिंगला भारी पडला की व्हॉल्व्ह सीटवरून, म्हणजे बसण्याच्या जागेवरून, उचलला जातो आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जातं. जुन्या पद्धतीत स्प्रिंगच्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांची) व्हॅक्यूम नळी जोडलेली असे. मॅनिफोल्डमधला दाब घटला की रेलमधलाही (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपातलाही) तेवढाच घटायचा आणि इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक कायम राहायचा.

आज बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतल्या पंप मॉड्यूलमध्येच बसतो. व्हॅक्यूमची नळी, तिचं निपल, ब्रेझिंग केलेला पाइप, इंजिनापासून टाकीपर्यंतची परतीची लाइन, सगळं गेलं. या भागाच्या इतिहासातली हीच सगळ्यात मोठी बचत. पण नळीचं काम संपलं नाही, ते ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरकडे, गेलं. मॅनिफोल्डचा दाब बघून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे आता तो ठरवतो. भाग काढायचा तर असा, कामाची सोय लावून.

दाब कुठे सेट होतो, हे न ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. थोडा हिशेब करू. डायफ्रामचा प्रभावी व्यास २० मिमी धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौ. मिमी. दाब ३ बार हवा, म्हणजे स्प्रिंगचा जोर साधारण ९४ न्यूटन. स्प्रिंगचा रेट (एक मिमी दाबायला लागणारा जोर) १० न्यूटन प्रति मिमी असेल, तर सीटच्या उंचीत ०.२ मिमीचा फरक पडला की जोर २ न्यूटनने हलतो आणि दाब ०.०६ बारने. उंची वाचवायला कुणी आखूड, ताठ स्प्रिंग घातली, रेट २० झाला, की त्याच फरकाला ०.१३ बार. म्हणून बॉडी लांब दिसली तरी चालेल, पण स्प्रिंग लांब आणि मऊ घ्या.

आता ॲडजस्टिंग स्क्रू. तो काढावासा वाटणारच. आटे, लॉकनट, सील, सगळाच ताप. काढा. पण मग स्प्रिंगची लांबी, ती बसते त्या पत्र्याच्या कपाची खोली, सीटची उंची, क्रिम्पिंग (पत्र्याची कड वळवून बॉडी बंद करणं) या सगळ्यांचा फरक एकत्र येऊन दाबावर बसतो. यावर पुष्कळ जण प्रत्येक भागाची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, आवळतात. स्प्रिंगवाला भाव वाढवतो, प्रेसवाला डाय पुन्हा घासतो, आणि वाचलेले पैसे मागल्या दाराने निघून जातात. त्यापेक्षा भाग ढिले राहू द्या आणि एकच माप अगदी शेवटी, द्रव वाहत असताना, गेजकडे बघत पक्कं करा: एक तर सीट प्रेसमध्ये आत सरकवा, नाहीतर स्प्रिंगच्या कपाचा तळ बाहेरून चेपा.

इथेही घाई नडते. पत्रा थोडा परत उसळतो, त्यामुळे प्रेस लागलेली असतानाचा आकडा आणि सोडल्यानंतरचा आकडा एक नसतो. थोडं दाबा, सोडा, वाचा, मग पुन्हा. पुढे गेलात तर मागे यायला वाट नाही, म्हणून कायम कमी दाबाकडून वर या. सेटिंग क्रिम्पिंगनंतरच, कारण क्रिम्पिंगने सगळं हलतं. आणि हवेवर सेट केलेला तुकडा पेट्रोलवर तोच आकडा देईल, या भ्रमात राहू नका. टेस्टिंगचा द्रव वापरा, तोही गाडीत असेल तेवढ्याच प्रवाहाने. प्रवाह वाढला की दाब थोडा चढतोच.

डायफ्राम, बर आणि ओ-रिंग

डायफ्रामच्या कडेलाच सील करायला लावून वेगळं गास्केट काढणं ही चांगली कल्पना आहे. पण क्रिम्पिंग जास्त झालं की रबर आत सरकतं, घडी पडते आणि रेग्युलेटर ऐन प्रवाहात शिट्टी मारतो. कपाच्या कडेची बर (पत्रा कापताना राहिलेली धारदार कोर) डायफ्रामकडे राहिली तर आतलं कापड हळूहळू कापलं जातं. बर कुठल्या बाजूला हवी ते ड्रॉइंगवर लिहा. प्रेसवाल्याला स्वप्न पडत नाही.

बॉडीवर जवळपास सारख्या मापाच्या दोन ओ-रिंग ठेवू नका. रात्रपाळीत अदलाबदल होणारच. एक तर दोन्ही हुबेहूब सारख्या, नाहीतर डोळे मिटून कळेल इतका फरक. बसवताना सिलिकॉन ग्रीस नको, ते पेट्रोलबरोबर जळून ऑक्सिजन सेन्सर खराब करतं. आणि रबर निवडताना ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) लक्षात ठेवा. साधं नायट्राइल स्वस्त पडतं, पण इथेनॉलमध्ये फुगतं; फ्लोरोकार्बन रबराचे ग्रेड तपासून घ्या.

गॅरेजमध्ये

गरम गाडी उशिरा सुरू झाली की आळ रेग्युलेटरवर. बदलण्याआधी रेलला गेज लावा. परतीची लाइन असेल तर पंप बंद करताक्षणी तिची रबरी नळी चिमटून धरा (नायलॉनची कधीच नाही). दाब टिकला तर रेग्युलेटर गळतोय. तरीही उतरला, तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा) किंवा इंजेक्टर बघा. व्हॅक्यूम नळीत पेट्रोल दिसलं, तर डायफ्राम फाटलाय, पुढची चर्चा नको. दाब जास्त असेल तर आधी परतीची लाइन तुंबली आहे का ते बघा. इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातं, म्हणजे १० टक्के जास्त दाबाने साधारण ५ टक्के जास्त पेट्रोल. नुसत्या तेवढ्याने काळा धूर येत नाही, दुसरंही काही शोधा. आणि कुठलीही नळी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून, इंजिन चालवून दाब उतरवा.

निकामी तुकडा भंगारात टाकू नका. पूर्ण वाळू द्या, हाताच्या करवतीने कापा आणि व्हॉल्व्हवरची सीटची खूण भिंगाखाली बघा. चकचकीत कडं पूर्ण असेल तर व्हॉल्व्ह सरळ बसत होता, गळती दुसरीकडे शोधा. कडं एका बाजूला तुटलं असेल तर व्हॉल्व्ह तिरका बसत होता. मग जा असेंब्लीच्या प्रेसकडे आणि स्प्रिंगची बैठक तपासा.