वकिलांच्या कार्यालयात एआय: सुरुवात घटनाक्रमापासून करा

बहुतेक वकील एआयला पहिलाच प्रश्न विचारतात तो दाखल्यांचा: ‘या मुद्द्यावर निवाडे द्या.’ नेमकं तिथेच ते सर्वांत कमी भरवशाचं असतं. पक्षकारांची नावं, वर्ष, परिच्छेद क्रमांक असा निवाड्याचा साचा त्याला हुबेहूब जमतो. त्यामागे खरा निवाडा असेलच असं नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात ‘माता विरुद्ध एव्हियान्का’ या प्रकरणात चॅटजीपीटीने रचलेले सहा निवाडे वकिलांनी आधार म्हणून दिले होते. वकील आणि त्यांची फर्म यांना मिळून ५,००० डॉलर दंड झाला. त्यातल्या वकिलाने ‘हा निवाडा खरा आहे का’ हे चॅटजीपीटीलाच विचारलं होतं आणि उत्तर ‘हो’ आलं होतं.

म्हणून कार्यालयात एआय रुजवायचं असेल, तर पहिलं काम असं निवडा, ज्याचं उत्तर हातातल्या कागदांवर ताडून पाहता येतं. घटनाक्रम तयार करणं हे असं सर्वांत चांगलं काम आहे. ते कंटाळवाणं असतं, प्रत्येक प्रकरणात लागतं आणि चूक पानावर बोट ठेवून दाखवता येते.

कागद आत जाण्याआधी

कोणतं साधन वापरायचं हे कार्यालयाने एकदाच ठरवावं. दिलेला मजकूर प्रशिक्षणासाठी वापरला जातो का, किती दिवस साठवला जातो आणि तो कोण पाहू शकतं, या तीन गोष्टी करारात वाचा. समाधान झालं नाही तर पक्षकाराचा कागद तिथे टाकू नका. मोफत खात्यावर तर मुळीच नको.

नावं झाकायची असतील तर ‘पक्षकार क’, ‘साक्षीदार ख’ असे शब्द बदलून घाला आणि त्यांची यादी वेगळी ठेवा. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर बऱ्याचदा तसाच राहतो. तो कॉपी करून वाचता येतो.

मग स्कॅन तपासा. एक ओळ निवडा, कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा. अक्षरांचा गोंधळ दिसला किंवा काहीच आलं नाही, तर आधी ओसीआर करा, म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवून घ्या. हस्ताक्षरातले शेरे आणि शिक्के ओसीआरमधूनही निसटतात, ते हातानेच टिपावे लागतात.

काय सांगायचं

मोठी फाइल एकदम देऊ नका. लांबलचक मजकुराच्या मधल्या भागातल्या गोष्टी सुटतात. ३० ते ४० पानांचे तुकडे करा, पण एखादा दस्तऐवज मधेच तोडू नका. सूचना अशी असू द्या:

‘फक्त सोबतच्या कागदांतून घटनाक्रम तयार कर. चार रकाने: तारीख, घटना, मूळ वाक्य जसंच्या तसं, पीडीएफचा पान क्रमांक. तारीख स्पष्ट नसेल तर “अस्पष्ट” लिही, अंदाज करू नकोस. दोन कागदांत तारखा वेगळ्या असतील तर दोन्ही दे.’

मूळ वाक्याचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ते वाक्य पीडीएफमध्ये शोधलं की सापडलं पाहिजे. सापडलं नाही तर ती नोंद संशयास्पद. ‘पीडीएफचा’ हा शब्दही गाळू नका, कारण कागदावर छापलेला क्रमांक आणि फाइलमधला क्रमांक बऱ्याचदा वेगळे असतात. ०३/०४/२०२१ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हेही सूचनेतच सांगा.

तपासणी

चुकीची नोंद ताडताना सापडते. सुटलेली नोंद मात्र तक्त्यात नसतेच, त्यामुळे ती कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. खरा धोका तिथे आहे. म्हणून प्रत्येक नोंद मूळ पानावर पाहिल्यानंतर उलट्या बाजूनेही जा: पीडीएफमध्ये प्रत्येक संबंधित वर्ष शोधा आणि प्रत्येक उल्लेख तक्त्यात आहे का ते बघा. पहिल्या प्रकरणात एका कनिष्ठ वकिलाने एआयचा तक्ता न पाहता हातानेही घटनाक्रम करावा. दोन्हींतला फरक वरिष्ठांना जे पटवून देतो, ते कोणत्याही व्याख्यानाने पटत नाही.

इतरांना कसं सामील करायचं

सगळ्यांना एका खोलीत बसवून प्रात्यक्षिक दाखवण्याचा फारसा उपयोग होत नाही. एक वरिष्ठ आणि एक कनिष्ठ अशी जोडी करा आणि त्यांच्याच चालू प्रकरणावर अर्धा तास बसा. वेळ मोजताना तपासणीचा वेळही धरा. तपासणीसकट हाताने करण्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर ते काम एआयला देऊ नका. तसं मोकळेपणाने सांगितलं की साशंक वकिलांचाही विश्वास बसतो.

पुढची पायरी युक्तिवाद तासून पाहण्याची. इथे एआयचा होकारार्थी स्वभाव आडवा येतो: ‘माझा मुद्दा बरोबर आहे ना?’ म्हटलं की ते मान डोलावतं. त्यामुळे बाजू न सांगता विचारा किंवा ‘विरुद्ध पक्षाचा वकील म्हणून या मसुद्यातल्या पाच कमकुवत जागा दाखव’ असं सांगा.

दाखले शोधणं सर्वांत शेवटी. तेव्हाही प्रत्येक निवाडा न्यायालयाच्या संकेतस्थळावर किंवा विश्वासार्ह संग्रहात उघडून वाचा. उद्धृत केलेला परिच्छेद न्यायालयाचा निष्कर्ष आहे, की वकिलाचा नोंदवलेला युक्तिवाद किंवा असहमत न्यायाधीशाचं अल्पमत, ते बघा. निवाडा नंतर फिरवला गेला नाही ना, तेही. कुणी, कोणत्या तारखेला तपासलं, हे मसुद्याच्या कार्यालयीन प्रतीवर सहीसह लिहा.